न उच्चारायचं नाव

मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला ओझरच्या खंडेरावाची यात्रा भरते. बाणगंगेच्या काठी भंडारा उधळतो, बारागाडे ओढले जातात, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो. या गर्दीतल्या कुणालाही देवाचं नाव विचारा, एक नाव मिळणार नाही. खंडोबा, खंडेराव, मल्हारी, मार्तंड, म्हाळसाकांत अशी पाच-सहा तरी मिळतील. आणि प्रत्येक नाव काहीतरी सांगत असतं. हातातल्या खंड्यावरून खंडोबा. मल्ल दैत्याचा अरी म्हणून मल्हारी. म्हाळसेचा नवरा म्हणून म्हाळसाकांत. देवानं काय केलं, तो कुणाचा कोण लागतो, त्याच्या हातात काय आहे, हे नावातच सांगून टाकायची आपली रीत आहे.

हिब्रू भाषेतली देवाची नावं समजून घ्यायला ही रीत फार उपयोगी पडते. एकच देव मानणाऱ्या ज्यू धर्मात देवाला एवढी नावं कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. पण तिथंही बरीचशी नावं एखाद्या प्रसंगातून आलेली आहेत. माणसाला देव जसा भेटला तसं त्यानं त्याला नाव दिलं. बायबलच्या कथेत देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती कोण आहे, हे पाहिलं तर आश्चर्य वाटतं. ती कुणी राजा नाही, संदेष्टा नाही, पुरुषही नाही. ती हागार आहे. अब्राहामाच्या बायकोची इजिप्शियन दासी. मालकिणीच्या जाचाला कंटाळून ती गरोदरपणी रानात पळून जाते आणि एका झऱ्यापाशी देवाचा दूत तिला गाठतो. त्या क्षणी ती देवाला ‘एल रोई’ म्हणते, म्हणजे मला पाहणारा देव. घरातल्या कुणीही जिच्याकडे माणूस म्हणून पाहिलं नाही, त्या बाईला सुचलेलं हे नाव आहे. देवाच्या सगळ्या हिब्रू नावांत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. तिच्या होणाऱ्या मुलाचं नाव तो दूत ठरवून देतो, यिश्माएल. अर्थ, देव ऐकतो. आपल्याकडच्या मुस्लीम घरांतला इस्माईल तो हाच.

यिश्माएलच्या शेवटी जो ‘एल’ आहे, तो देवाचा सर्वांत जुना शब्द. हिब्रूपुरताच तो नव्हता. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथं 1929 साली उगारित या प्राचीन नगराचं उत्खनन सुरू झालं. तिथल्या मातीच्या विटांवर कनानी लोकांचा मुख्य देव ‘एल’ याच नावानं भेटला. अरबीतला ‘इलाह’ आणि त्यापासूनचा ‘अल्लाह’ हे याच कुळातले शब्द. मुळात सामर्थ्याशी जोडलेला हा शब्द माणसांच्या नावांत इतका मिसळून गेला, की आपण तो रोज उच्चारतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. दानिएल म्हणजे देव माझा न्यायाधीश. मायकल म्हणजे देवासारखा कोण आहे? वसईतल्या एलिझाबेथच्या नावाच्या सुरुवातीलाही तोच एल.

महाराष्ट्रात मात्र हा शब्द माणसांच्या नावांपुरता राहिलेला नाही, तो इमारतींवर लिहिलेला आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या लोकांनी तो लिहिला. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर, चेऊलकर. घरात मराठी. पनवेलला 1849 मध्ये त्यांनी प्रार्थनामंदिर बांधलं, त्याचं नाव ‘बेथ एल’. बेथ म्हणजे घर. याकोब उशाला दगड घेऊन झोपला, स्वप्नात त्याला आभाळाला टेकलेली शिडी दिसली, आणि जाग आल्यावर त्यानं त्या जागेला हे नाव दिलं, अशी मूळ कथा आहे. आपल्या घरातल्या ‘देवघर’ या शब्दाची घडणही तशीच. रेवदंड्याच्या प्रार्थनामंदिराचं नावही बेथ एल. पोयनाडचं ‘हेसेद एल’, म्हणजे देवाची करुणा. आणि पेणला, गणपतीच्या मूर्तींसाठी सगळ्या देशाला माहीत असलेल्या गावात, 1863 चं ‘बेथ हाएलोहीम’ आहे.

पेणच्या नावातलं ‘एलोहीम’ व्याकरणाच्या दृष्टीनं मोठं विलक्षण आहे. हिब्रूत ‘ईम’ हा पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे शब्दाचं रूप पाहिलं तर अर्थ होतो ‘देव’, पण अनेक. आणि बायबलमध्ये इतर लोकांच्या देवदेवतांसाठी तो तसा अनेकवचनी वापरलेलाही आहे. पण इस्राएलच्या देवासाठी येतो तेव्हा क्रियापद एकवचनी राहतं. सृष्टीच्या उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात असं आहे. कर्ता अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. मराठी माणसाला इथं आदरार्थी बहुवचन आठवणार. आपण ‘बाबा आले’ म्हणतो, आलेले बाबा एकच असतात. फरक असा, की मराठीत आदर क्रियापदापर्यंत पोचतो. हिब्रूत नाम मोठं होतं आणि क्रियापद मात्र ‘तो एकच आहे’ यावर अडून राहतं. काही अभ्यासक या रूपाला महत्त्वदर्शक अनेकवचन म्हणतात, काही त्यात बहुदेवतापूजेच्या काळाची खूण पाहतात. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हरकत दिसत नाही. भाषा जुनं रूप टाकून देत नाही, त्यात नवा अर्थ भरते.

बेने इस्राएलांच्या व्यक्तिनावांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर 1796 मध्ये सामुएल एजेकिएल दिवेकर यांनी बांधलं. मस्जिद बंदर भागातल्या सॅम्युअल स्ट्रीटवर ते आजही आहे. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आले. त्या सुटकेबद्दल त्यांनी हे मंदिर उभारलं. पण लोक त्यांना ओळखत ते समाजी हसाजी म्हणून. सामुएलचा समाजी, एजेकिएलचा हसाजी. दोन्ही हिब्रू नावांच्या शेवटी असलेला ‘एल’ गळाला आणि तिथं आपला ‘जी’ येऊन बसला. तानाजी, येसाजी, समाजी, हसाजी. धर्म सोडला नव्हता, देवाचं नाव टाकायचा कुणाचा विचार नव्हता. कोकणातल्या शेजाऱ्यांच्या तोंडी बसेल असं नाव हवं होतं, एवढंच. पुढे एकोणिसाव्या शतकात हिब्रूचं शिक्षण परत आलं, तशी नावांतली मूळ रूपंही परतली.

दिवेकरांनी मंदिराला नाव दिलं ‘शार हारहमीम’. शार म्हणजे दरवाजा. रहमीम म्हणजे दया. हिब्रूत ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय, आणि दयेचा शब्द त्याच धातूतून येतो. ‘एल रहूम’, दयाळू देव, या विशेषणामागे ही आईची ओढ आहे. अरबीतले ‘रहमान’ आणि ‘रहीम’ याच धातूचे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेत हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन नावं एकत्र आलेली पाहायची असतील तर ‘एलियाहू’ घ्या. एली म्हणजे माझा देव, आणि याहू हे देवाच्या खास नावाचं छोटं रूप. याहू हाच माझा देव, असं अख्खं वाक्य त्या नावात आहे. इंग्रजीत त्याचं एलायजा झालं. मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना डॉ. ई. मोझेस रोड लागतो. 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर असलेल्या या बेने इस्राएल डॉक्टरांच्या नावातला ‘ई’ म्हणजे एलायजा.

कोकणातल्या ज्यू घरांत या एलियाहू संदेष्ट्याचं, त्यांच्या बोलीत ‘एलियाहू हन्नाबी’चं, जे स्थान आहे ते जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात तसं दिसत नाही. नवस बोलायचा तो त्याला. लग्न, नवं घर, आजारातून उठणं, परदेशी जाणं, प्रत्येक वेळी त्याच्या नावानं मलिदा. भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची-जायफळ, वर फळांचे तुकडे. ताट मध्ये ठेवायचं, प्रार्थना म्हणायची, मग प्रत्येक फळावर आशीर्वचन म्हणून प्रसाद वाटायचा. अलिबागजवळच्या सागावच्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली आहे, अशी या लोकांची श्रद्धा आहे.

त्याचा उरूस येतो शवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला, आणि या दिवसाच्या नावात एक नवल दडलेलं आहे. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. योद म्हणजे दहा, हे म्हणजे पाच. पंधरा लिहायला सरळ ‘योद-हे’ लिहावं. पण या दोन अक्षरांचा उच्चार होतो ‘याह’, देवाचं नाव. हिशेबात, तारखेत ते वापरायचं नाही म्हणून पंधरा हे दहा अधिक पाच असे न लिहिता नऊ अधिक सहा असे लिहितात, ‘तेत-वाव’. त्याचा उच्चार ‘तू’. म्हणून तो दिवस ‘तू बिश्वात’. सोळालाही हाच नियम, तिथं नऊ अधिक सात. ज्याच्या नावातच ‘याहू’ आहे त्या एलियाहूचा उरूस अशा तिथीला येतो, जिचं नाव ‘याह’ लिहिणं टाळण्यासाठी बदललेलं आहे. या योगायोगाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, पण हिब्रू परंपरेचा स्वभाव त्यात पुरता उतरला आहे. नाव माणसांना द्यायचं, पण हिशेबाच्या वहीत येऊ द्यायचं नाही.

ज्यू घराच्या दाराशी गेलं की आणखी एक नाव दिसतं. चौकटीच्या उजव्या खांबावर तिरकी लावलेली बोटभर लांबीची नळी, ‘मेझुझा’. आत चर्मपत्राची गुंडाळी, तिच्यावर तोरा या ज्यू धर्मग्रंथातले दोन उतारे हातानं लिहिलेले. आत-बाहेर करताना तिला हात लावून तो हात ओठांना टेकवायचा. नळीवर बहुधा एकच अक्षर असतं, ‘शीन’. तीन दात वर काढलेलं. ते ‘शद्दाय’ या नावाचं पहिलं अक्षर. अब्राहामाला देव भेटला तो ‘एल शद्दाय’ या नावानं. अर्थ? इथं अभ्यासकांचं एकमत नाही. अक्कादी भाषेत ‘शदू’ म्हणजे डोंगर, त्यावरून डोंगरावरचा देव. हिब्रूत ‘शद’ म्हणजे स्तन, त्यावरून पोसणारा. ‘जो पुरेसा आहे’ असा फोड करून काढलेला अर्थ ज्यू पंडितांना आवडतो. ग्रीक भाषांतरकारांनी अनेक ठिकाणी सर्वांवर सत्ता चालवणारा असं केलं, मराठी बायबलमध्ये ‘सर्वसमर्थ’ आलं. दारावरच्या अक्षरांचा लोकांनी वेगळाच अर्थ लावला. शीन, दालेत, योद ही तीन अक्षरं म्हणजे ‘इस्राएलच्या दारांचा राखणदार’ या तीन हिब्रू शब्दांची आद्याक्षरं. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणार नाही. पण दारावर लावलेल्या नावाचा अर्थ त्या दारातून ये-जा करणाऱ्यांनी ठरवला तर त्यात वावगं काय?

आता ते नाव, ज्याच्यासाठी बाकीची बरीचशी नावं पुढे करावी लागली. योद, हे, वाव, हे. चार व्यंजनं. हिब्रू बायबलमध्ये ती साडेसहा हजारांहून अधिक वेळा येतात. जॉर्डनमधल्या धिबान इथं 1868 मध्ये सापडलेल्या मोआबी राजा मेशाच्या शिलालेखात हे नाव कोरलेलं आहे, तो लेख ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला. यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत 1979 मध्ये चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या, ताईत म्हणून वापरलेल्या. त्यांवरही हेच नाव. म्हणजे एके काळी लोक ते गळ्यात बांधत, राजे ते शत्रूच्या देवाचं नाव म्हणून दगडावर कोरत. हळूहळू मात्र ते तोंडातून काढून घेतलं गेलं. यरुशलेमच्या मंदिराच्या शेवटच्या काळात ते उच्चारण्याचा मुख्य प्रसंग वर्षातून एकदा, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजकाच्या मुखानं. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं आणि तोही प्रसंग संपला. वाचताना ही चार अक्षरं आली की ‘अदोनाय’ म्हणायचं, माझे स्वामी. एरवीच्या बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’.

हिब्रू लेखनात पूर्वी स्वर लिहीत नसत. पुढे तिबेरियातल्या मसोरा पंडितांनी स्वरचिन्हं घातली, तेव्हा या चार व्यंजनांवर त्यांनी ‘अदोनाय’चे स्वर दिले. वाचणाऱ्याला सूचना की इथं अदोनाय म्हणा. युरोपातल्या ख्रिस्ती वाचकांनी व्यंजनं एका शब्दाची आणि स्वर दुसऱ्याचे एकत्र वाचले, आणि ‘यहोवा’ तयार झालं. अभ्यासकांना ‘याव्हे’ हा उच्चार जास्त संभवनीय वाटतो.

अर्थाचा धागा जळत्या झुडपाच्या कथेत सापडतो. इजिप्तच्या गुलामगिरीतून आपल्या लोकांना सोडवायला निघालेला मोशे देवाला नाव विचारतो, आणि उत्तर येतं ते ‘असणे’ या क्रियापदाचं प्रथमपुरुषी रूप, ‘एह्ये’. हे रूप वर्तमानाचं आहे की भविष्याचं, हे हिब्रूत संदर्भावरून ठरतं. ‘आहे’ असं मराठी केलं, की नाव तत्त्वज्ञानाकडे झुकतं, सत् या कल्पनेच्या जवळ जातं. ‘असेन’ म्हटलं, की ते वचन होतं. मध्ययुगातला फ्रेंच ज्यू भाष्यकार राशी यानं दुसरी वाट धरली. या संकटात मी त्यांच्याबरोबर असेन, पुढच्याही संकटांत असेन, असा त्यानं अर्थ लावला. मला ‘असेन’च पटतं. विटा थापणाऱ्या गुलामांना सांगायचं नाव आहे हे. सत् म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्न नव्हता. उद्या कोण बरोबर असेल, हा होता.

आता कोकणाकडे परत येऊ. बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली. राहिलं ते थोडं. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम, आणि ‘शमा’, देव एक आहे हे सांगणारं वचन. जन्माला, लग्नाला, मयताला, नवसाला, प्रत्येक प्रसंगी हेच वचन ते म्हणत. त्या छोट्या वचनात ती चार अक्षरं दोनदा येतात. पण ज्यांच्याजवळ पोथी नाही त्यांच्यापर्यंत येणार तो फक्त उच्चार, म्हणजे ‘अदोनाय’. लिहिलेलं नाव वेगळं आहे, हे कितीतरी पिढ्या त्यांनी पाहिलंच नसणार. नाव तोंडी येऊ नये म्हणून यरुशलेमच्या पंडितांनी पुढे केलेला शब्द तेवढा तेल्यांच्या वस्तीत तोंडपाठ राहिला. खुद्द नाव उच्चारण्याची चूक त्यांच्याकडून होण्याची सोयच नव्हती.

1832 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, ते या समाजासाठीच. विल्सन यांचा उद्देश धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. पुढच्या पिढीत जोसेफ एजेकिएल राजपूरकर (1834–1905) हे हिब्रूचे पंडित झाले, मुंबई विद्यापीठात परीक्षक झाले. त्यांनी प्रार्थनेची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या सणाला वाचायची पोथी, ‘हग्गादा’, हिब्रू-मराठीत सचित्र छापली गेली. तिच्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत.

मराठी ख्रिस्ती वाचकांसमोरही हाच प्रश्न होता. चार अक्षरांच्या जागी काय लिहायचं? प्रचलित मराठी बायबलनं एलोहीमसाठी ‘देव’, अदोनायसाठी ‘प्रभू’ आणि त्या चार अक्षरांसाठी ‘परमेश्वर’ ठरवलं. मराठी ख्रिस्ती जगात हाच शब्द रुजला. ‘परमेश्वर’ हे पद आहे, खास नाव नाही, अशी तक्रार करता येते. पण ‘अदोनाय’ही पदच आहे, म्हणजे मराठी भाषांतरकार ज्यू वाचनपरंपरेच्याच वाटेनं गेले. जिथं कथेसाठी नाव लागतंच, तिथं ‘याव्हे-यिरे’ असं मूळ रूप ठेवलं आहे. परमेश्वर पाहून देईल, हा अब्राहामानं डोंगराला दिलेल्या नावाचा अर्थ. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाई तर मुळापासून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण खेड्यातल्या बाईला कळेल असं भाषांतर त्यांना मूळ ग्रंथावरून करायचं होतं. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. पुस्तक 1924 मध्ये निघालं.

या सगळ्या काळजीतून एक रूप मात्र निसटलं आणि जगभर पसरलं. चर्चमध्ये ‘हालेलूया’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘याहची स्तुती करा’. तारखेच्या आकड्यातूनही जे काढून टाकलं, तेच ‘याह’ नाशिकपासून नायजेरियापर्यंत दर रविवारी मोठ्यानं गायलं जातं. ज्यू प्रार्थनेतही ते गायलं जातं, स्तोत्रातला शब्द म्हणून त्याला मनाई नाही.

लिहिण्याचे नियम मात्र आजही कडक आहेत. तोराची गुंडाळी हातानंच लिहायची, लेखणीनं, चर्मपत्रावर. दुसऱ्या शब्दात चूक झाली तर लिहिणारा ती खरवडून दुरुस्त करू शकतो. देवाचं नाव चुकलं तर ते खोडता येत नाही, चर्मपत्राचा तो तुकडाच बाजूला काढावा लागतो. नाव लिहिण्याआधी लेखकानं थांबून, मी हे पवित्र नाव म्हणून लिहितो आहे, असं उच्चारायचं असतं. जीर्ण पोथ्या रद्दीत जात नाहीत, त्या माणसासारख्या पुरतात किंवा ‘गनीझा’ नावाच्या खोलीत ठेवतात. कैरोच्या बेन एझ्रा मंदिरातली अशी खोली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अभ्यासकांच्या हाती आली आणि मध्ययुगाचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या ज्यू सौदागरांची पत्रं तिच्यात होती. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून मिरी आणि लोखंडाचे हिशेब वाचले.

1948 नंतर बेने इस्राएलांतले बहुतेक लोक इस्राएलला गेले. लोद, दिमोना, बीरशेबा, अश्दोद इथं त्यांची घरं आहेत, तिथं मलिदा होतो आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. तिथं कुणी ‘कसं काय’ विचारलं, की ‘बारूख हाशेम’ असं उत्तर देण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. ते नाव धन्य असो, म्हणजे आपलं ‘देवाच्या कृपेनं बरं आहे’. भाजी घेताना, बसच्या रांगेत, दवाखान्यात दिवसभर तो शब्द चालतो, आणि चार अक्षरं पोथीतच राहतात.